फायलीचा ठावठिकाणा

परक्या मनुष्याला घराचा पत्ता सांगण्याच्या दोन रीति सर्वांच्या परिचयाच्या आहेत. तो मनुष्य कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशीं उभा असेल, तर "तसेच पुढें या, मारुतीच्या देवळावरून डावीकडे वळा, तिसरें दार" एवढें सांगितलें कीं काम भागतें. तोच मनुष्य नागपुरास बसून पत्र धाडणार असेल, तर मारुतीच्या देवळाचा त्याला काडीचाहि उपयोग नाहीं. मारुतीचें देऊळ कोणत्या गांवीं नाहीं? त्याला घरक्रमांक, पेठ, शहर, जिल्हा असा सगळा तपशील द्यावा लागतो. पहिला पत्ता सुटसुटीत खरा, पण ऐकणारा कोठें उभा आहे यावर तो सर्वस्वीं अवलंबून असतो. दुसरा लांबलचक, पण कोठूनहि वाचला तरी त्याच दारीं नेऊन पोंचविणारा.

संगणकांत साठविलेल्या फायलींचे पत्तेहि नेमके याच दोन जातींचे असतात. त्यांना प्रोग्रॅम लिहिणारे लोक 'मार्ग' किंवा सरळ 'पाथ' म्हणतात. पहिल्या जातीचा तो सापेक्ष मार्ग व दुसऱ्या जातीचा तो पूर्ण मार्ग. घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी प्रोग्रॅम लिहावयास शिकूं लागली कीं पहिल्या कांहीं आठवड्यांतच "फाईल समोर दिसते आहे, आणि हें यंत्र म्हणतें कीं फाईल नाहीं!" असा त्रासिक उद्गार कानीं पडतो. त्या उद्गाराच्या मुळाशीं बहुधा या दोन जातींतील घोटाळा असतो.

फोल्डरांत फोल्डर आणि त्यांत पुन्हां फोल्डर ही रचना आज इतकी अंगवळणीं पडली आहे कीं ती कोणी तरी योजिलेली आहे हें ध्यानांतहि येत नाहीं. अमेरिकेंत मल्टिक्स नांवाच्या मोठ्या संगणकप्रणालीची आंखणी चालू असतां १९६५ सालीं डेली व न्यूमन या दोघांनीं एका निबंधांत ही वृक्षासारखी रचना व्यवस्थित मांडली. त्या प्रणालींत एका फोल्डराचें नांव दुसऱ्यापासून तोडण्यासाठीं बाणाच्या टोंकासारखें चिन्ह वापरीत. पुढें बेल प्रयोगशाळेनें त्या योजनेंतून १९६९ सालीं अंग काढून घेतलें, आणि तेथील केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स ही लहानशी पण अत्यंत चिवट प्रणाली उभारली. युनिक्सनें बाणाच्या जागीं उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ घेतली. आजचें लिनक्स, अ‍ॅपलचे संगणक आणि खिशांतील बहुतेक सगळे मोबाईल फोन याच घराण्यांतले आहेत. म्हणून ती रेघहि सर्वत्र पसरली.

युनिक्सच्या घराण्यांत पूर्ण मार्ग असा दिसतो: '/होम/सुमन/हिशेब/जून'. आरंभींची एकटी रेघ म्हणजे वृक्षाचें मूळ. तेथून होम, होममध्यें सुमन, सुमनमध्यें हिशेब, आणि हिशेब या फोल्डरांत जून ही फाईल. टपालाचा पत्ता व्यक्तीपासून आरंभ होऊन जिल्ह्यापर्यंत मोठा होत जातो. येथें क्रम अगदीं उलट. ज्यांनीं जमिनीचें खरेदीखत वाचलें आहे त्यांना मात्र हा क्रम नवा वाटणार नाहीं. तुकडी जिल्हा अमुक, पोटतुकडी तालुका अमुक, मौजे अमुक, आणि सर्वांत शेवटीं गट नंबर. नुसता 'गट नंबर ११२' म्हटलें तर तो शेंकडों गांवीं सांपडेल; वरची सगळी साखळी जोडली म्हणजे जमिनीचा एकच तुकडा उरतो.

यंत्र हा मार्ग वाचतें कसें, हें पाहण्यासारखें आहे. फोल्डर म्हणजे वस्तु भरून ठेवण्याची पेटी अशी सर्वसाधारण समजूत असते, आणि पडद्यावरचें चित्रहि तीच समजूत दृढ करतें. युनिक्समध्यें फोल्डर हा वस्तुतः एक नोंदवहीचा कागद असतो. त्यावर एका बाजूस नांव व दुसऱ्या बाजूस क्रमांक, एवढेंच लिहिलेलें असतें. यंत्र मुळाच्या कागदावर 'होम' हें नांव शोधतें, त्यापुढील क्रमांक घेतें, त्या क्रमांकाचा कागद काढून त्यावर 'सुमन' शोधतें, आणि असें पायरीपायरीनें खालीं उतरतें. गंमत अशी कीं फायलीच्या स्वतःच्या नोंदींत तिचें नांव कोठेंच नसतें. नांव केवळ वरच्या फोल्डराच्या कागदावर असतें. त्यामुळें एकाच फायलीला दोन ठिकाणीं दोन नांवें असूं शकतात. आणि एकाच डिस्कवर अवजड चित्रपटाची फाईल एका फोल्डरांतून दुसऱ्यांत हलविली तर क्षणांत काम होतें, कारण मजकूर जागचा हलतच नाहीं, एका कागदावरची ओळ खोडून दुसऱ्यावर लिहिली जाते. मार्ग म्हणजे वस्तु नव्हे, वस्तूपर्यंत जाण्याची सूचना होय, हें एकदां मनांत ठसलें कीं पुढील पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

सूचना म्हटली कीं ती कोणत्या जागेपासून पाळावयाची हा प्रश्न आलाच. पूर्ण मार्गाचा आरंभ मुळापासून, म्हणून तेथें शंकेस जागा नाहीं. परंतु मार्गाच्या आरंभीं रेघ नसेल, नुसतें 'हिशेब/जून' असें लिहिलें असेल, तर यंत्र तो मार्ग 'चालू फोल्डरा'पासून मोजतें. हा चालू फोल्डर म्हणजे काय, येथेंच नवशिक्याची गाडी अडते. त्याला स्वाभाविकपणें वाटतें कीं प्रोग्रॅमची फाईल ज्या फोल्डरांत ठेवली आहे तोच चालू फोल्डर. तसें नाहीं. चालू फोल्डर हा प्रोग्रॅमच्या फायलीचा गुण नसून चालत असलेल्या प्रोग्रॅमचा गुण आहे. ज्यानें तो चालू केला, तो त्या क्षणीं जेथें उभा होता, ती जागा प्रोग्रॅमला वारशानें मिळते.

एका विद्यार्थिनीनें वर्गाच्या गुणांची सरासरी काढणारा प्रोग्रॅम लिहिला आहे, अशी कल्पना करावी. प्रोग्रॅम व गुणांची यादी हीं दोन्ही एकाच फोल्डरांत आहेत. प्रोग्रॅममध्यें यादीचें नुसतें नांव लिहिलें आहे. घरीं ती तोच फोल्डर उघडून काम करते, म्हणून सगळें सुरळीत चालतें. परीक्षेच्या दिवशीं परीक्षक सर्व विद्यार्थ्यांचे फोल्डर एका मोठ्या फोल्डरांत ठेवतात, आणि त्या वरच्या फोल्डरांत उभे राहून एकेकाचा प्रोग्रॅम चालवितात. हिचा प्रोग्रॅम पहिल्याच ओळीला "अशी फाईल नाहीं" म्हणून थांबतो. मुलगी शपथेवर सांगते कीं फाईल आहे; यंत्र सांगतें कीं नाहीं; आणि दोघेंहि खरें बोलत असतात. यंत्रानें परीक्षकांच्या पायाखालीं पाहिलें, मुलीनें आपल्या पायाखालीं.

याहून अवघड प्रसंग रात्रीं ठराविक वेळीं आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमांचा. एखाद्या कचेरींत दिवसभराच्या कामाची प्रत काढून ठेवणारा प्रोग्रॅम हातानें चालवून पाहिला तेव्हां उत्तम चालला, म्हणून तो वेळापत्रकावर चढविला. रात्रीं मात्र तो चालविणारा मनुष्य नसतो. लिनक्सवरील नित्याचें वेळापत्रक त्याला वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरांत उभें करतें. विंडोजवर आरंभाची जागा सांगितली नसेल तर तो प्रणालीच्या स्वतःच्या फोल्डरांत जाऊन उभा राहतो. सापेक्ष मार्ग तेथून मोजला जातो, प्रत निघत नाहीं, आणि ही गोष्ट उघडकीस येते ती ज्या दिवशीं त्या प्रतीची गरज पडते त्या दिवशीं.

सापेक्ष मार्गांतील खाणाखुणा थोड्याच आहेत. एक टिंब म्हणजे 'येथेंच', दोन टिंबें म्हणजे 'एक पायरी वर'. '../फोटो/आई' याचा अर्थ वरच्या फोल्डरांत जा, तेथील फोटो या फोल्डरांत शिर, आणि आई ही फाईल घे. युनिक्सच्या आज्ञापटलावर नागमोडी रेघ म्हणजे 'माझें घर'. पण ही खूण आज्ञापटलाची आहे, मार्गाची नव्हे. प्रोग्रॅममध्यें तशीच लिहिली तर पुष्कळ भाषा तिला नागमोडी रेघ याच नांवाचा फोल्डर समजतात आणि तो शोधूं लागतात. दोन टिंबांतहि एक खोंच आहे. कांहीं फोल्डर हे खरे फोल्डर नसून दुसरीकडे नेणाऱ्या चोरवाटा असतात. चोरवाटेनें आंत शिरून 'एक पायरी वर' म्हटलें तर मनुष्य आपल्या अंगणांत न येतां शेजाऱ्याच्या अंगणांत निघूं शकतो.

या सगळ्याला कंटाळून नवशिका बहुधा उलट टोंकाला जातो व प्रत्येक ठिकाणीं पूर्ण मार्ग लिहूं लागतो. घरीं तो विनातक्रार चालतो. मित्राच्या संगणकावर मात्र 'सुमन' या नांवाचा फोल्डरच नसतो, कारण तेथें मालकाचें नांव वेगळें. आणि प्रोग्रॅम पुन्हां आडवा पडतो. पूर्ण मार्ग म्हणजे निर्दोष मार्ग नव्हे. निवड करतांना विचारावयाचा प्रश्न एकच: यांतलें काय कशाबरोबर प्रवास करणार आहे? प्रोग्रॅम आणि त्याच्या सोबतीच्या फायली एका बिऱ्हाडानें गांवोगांव हिंडणार असतील, तर त्यांचे परस्परांतील मार्ग सापेक्षच हवेत, पण ते प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फायलीपासून मोजलेले असावेत, चालविणाराच्या पायांपासून नव्हे. पायथॉनसारख्या भाषेंत चालू प्रोग्रॅमला "तुझी स्वतःची फाईल कोठें आहे" असें विचारतां येतें. त्या उत्तरापुढें सोबतीच्या फायलीचें नांव जोडलें कीं झालें. उलटपक्षीं जी वस्तु यंत्रावर एका जागीं ठाण मांडून बसणार, उदाहरणार्थ प्रणालीच्या मांडणीची फाईल, तिचा मार्ग पूर्ण असणेंच इष्ट.

विंडोजच्या घराण्याची कथा निराळी आहे. आयबीएमचा घरगुती संगणक १९८१ सालीं बाजारांत आला तेव्हां त्याच्या डॉस प्रणालींत फोल्डर ही वस्तुच नव्हती. तबकडी फिरविणाऱ्या खांचांना ए व बी अशीं नांवें होतीं, आणि तबकडीवर ज्या थोड्या फायली मावत त्या एकाच यादींत असत. १९८३ सालीं दहा मेगाबाइटांची पक्की डिस्क आली, तिला सी हें अक्षर मिळालें, आणि डॉसच्या दुसऱ्या आवृत्तींत फोल्डर आले. परंतु युनिक्सची ती रेघ डॉसनें आधींच आज्ञांच्या पोटसूचनांसाठीं खर्ची घातली होती. म्हणून उलट्या बाजूस झुकलेली रेघ घेण्यांत आली, आणि 'सी:\सुमन\हिशेब\जून' ही सर्वपरिचित घडण जन्मास आली. ए आणि बी खांचा कधींच्या इतिहासजमा झाल्या; नव्या संगणकांचीहि डिस्क मात्र अजून सी पासूनच आरंभते.

या उलट्या रेघेनें प्रोग्रॅम लिहिणारांना जेवढें छळलें आहे तेवढें दुसऱ्या क्वचितच एखाद्या चिन्हानें छळलें असेल. सी भाषेच्या कुळांतील भाषांत उलटी रेघ हें पुढच्या अक्षराचा अर्थ बदलण्याचें चिन्ह आहे. तिच्यापुढें इंग्रजी एन आला तर नवी ओळ, टी आला तर मोकळी जागा. त्यामुळें एन अक्षरानें आरंभणाऱ्या फोल्डराचा मार्ग प्रोग्रॅममध्यें सरळ लिहिला, तर त्याचे मध्यभागीं दोन तुकडे होतात. उपाय म्हणजे रेघ दोनदां लिहावी, किंवा युनिक्सचीच रेघ वापरावी. विंडोजच्या पोटांतील यंत्रणा तीहि मुकाट्यानें मान्य करते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. जपानांत तर या चिन्हाच्या जागीं येन या नाण्याची खूण बसविली गेली होती, म्हणून तेथील विंडोजवर कित्येक वर्षें मार्ग पैशांच्या हिशेबासारखे दिसत. विंडोजमध्यें मार्गाच्या दोन अर्धवट जातीहि आहेत. '\हिशेब' म्हणजे चालू डिस्कच्या मुळापासून. 'सी:हिशेब' म्हणजे सी डिस्कवरच्या चालू फोल्डरापासून. दुसरा तर पूर्ण मार्गाचें सोंग घेतलेला सापेक्ष मार्ग आहे, आणि त्याच्यापासून दूर राहणें बरें.

मार्ग लिहितांना झालेली चूक कधीं कधीं केवळ "फाईल नाहीं" एवढ्यावर भागत नाहीं. २०११ सालीं बंबलबी नांवाच्या, लॅपटॉपवरील चित्रयंत्रणा संभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या प्रतिष्ठापनेंत एका आंतल्या फोल्डराची जुनी सामग्री पुसून टाकण्याची आज्ञा होती. तो मार्ग '/यूएसआर/लिब' येथून पुढें जाणारा होता. लिहितांना 'यूएसआर' या शब्दानंतर एक मोकळी जागा पडली. युनिक्सच्या आज्ञेंत मोकळी जागा म्हणजे एक शब्द संपून दुसरा सुरू. यंत्रानें त्या एका मार्गाचे दोन मार्ग केले, आणि पहिला, म्हणजे सगळा '/यूएसआर', पुसून टाकला. प्रणालीचे बहुतेक सर्व प्रोग्रॅम तेथेंच राहतात.

२०१५ च्या जानेवारींत स्टीम या खेळांच्या प्रोग्रॅमच्या लिनक्सवरील आवृत्तींत याहून शोचनीय प्रकार आढळला. तो प्रोग्रॅम आरंभीं आपण कोणत्या फोल्डरांत आहों हें शोधून तें उत्तर जपून ठेवी, आणि प्रसंगीं "त्या फोल्डरापुढें रेघ देऊन खालचें सगळें पुसा" अशी आज्ञा देई. एका वापरकर्त्यानें तो फोल्डर दुसरीकडे हलविला, शोध फसला, उत्तराची जागा रिकामी राहिली. रिकाम्या नांवापुढें रेघ दिली कीं उरते नुसती रेघ, आणि नुसती रेघ म्हणजे वृक्षाचें मूळ. यंत्रानें मुळापासून आरंभ करून त्या मनुष्याच्या मालकीची एकूण एक फाईल पुसण्यास सुरुवात केली. जोडून ठेवलेल्या बाहेरच्या डिस्कवरची सुद्धां. खेद वाटावा अशी गोष्ट ही कीं आज्ञा लिहिणारालाच तिची धास्ती वाटली होती. त्या ओळीपाशीं 'भयंकर!' अशा अर्थाचा एक शब्द त्यानें टीप म्हणून लिहून ठेवला होता. उत्तर रिकामें नाहीं ना, हें पाहणारी एक ओळ त्या टिपेऐवजीं लिहिली असती तर तो अनर्थ टळला असता.

दोन टिंबांचा दुरुपयोग दुष्टबुद्धीनेंहि करतात. वेबवरचा सर्व्हर आपल्या ठराविक फोल्डराखालच्या फायली मागणाराला देतो. मागणारानें नांवांत पायऱ्या वर चढण्याची खूण पुनःपुन्हां घातली, तर सर्व्हरनें ती ओळखून नाकारली पाहिजे. नाहीं तर तो मनुष्य दिवाणखान्यांतून चढत थेट तिजोरीच्या खोलींत पोंचतो. २०२१ सालीं अपाची या जगभर वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरच्या २.४.४९ या आवृत्तींत अशी फट निघाली. टिंबाऐवजीं त्याचा सांकेतिक क्रमांक लिहिला कीं पहारेकरी त्याला ओळखीत नसे. ती बुजविण्यासाठीं पुढची आवृत्ति निघाली, पण तीहि अपुरी ठरली. ऑक्टोबर महिन्यांतच तिसरी काढावी लागली. धडा तांत्रिक आहे: मार्ग आधीं पूर्णपणें उलगडून त्याचें खरें पूर्ण रूप काढावें, आणि मग तें आपल्या कुंपणाच्या आंत आहे कीं नाहीं तें पाहावें. उलगडण्यापूर्वींच तपासणें व्यर्थ होय.

म्हणूनच मार्गाचे तुकडे हातानें रेघा देऊन जोडण्याची संवय अनुभवी लोक सोडून देतात. पायथॉनमध्यें २०१४ पासून पाथलिब नांवाचें साधन भाषेबरोबरच येतें. तें त्या त्या यंत्राला योग्य अशी रेघ स्वतः घालतें, दोन टिंबें उलगडतें, आणि मार्ग पूर्ण आहे कीं सापेक्ष याचें उत्तरहि देतें. इतर भाषांतहि अशीं साधनें आहेत.

आतां मराठी घरांना विशेष लागू पडणारा एक मुद्दा. फायलींना व फोल्डरांना मराठी नांवें देतां येतात, आणि पुष्कळ लोक देतातहि. लिनक्सवर एका नांवाची मर्यादा २५५ बाइटांची असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हीं सगळीं स्वतंत्र चिन्हें म्हणून मोजलीं जातात. म्हणजे मराठी नांवाला ८५ चिन्हांत आटोपावें लागतें. विंडोजची मर्यादा निराळी, ती सगळ्या मार्गाची, आणि पूर्वापार २६० चिन्हांची. २०१६ पासून ती शिथिल करतां येते, पण त्यासाठीं मुद्दाम परवानगी द्यावी लागते. फोल्डरांत फोल्डर, त्यांत 'नवीन', त्यांत 'अगदीं नवीन', अशी रास रचणारांना ती मर्यादा केव्हां तरी भेटतेच.

याहून नाजूक गोष्ट 'ऱ' या अक्षराची. 'शेतकऱ्यांची यादी' या नांवांतील तो आडवा रफार संगणकांत दोन प्रकारें साठवितां येतो: 'ऱ' हें एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्याखालीं नुक्ता अशीं दोन चिन्हें म्हणून. पडद्यावर दोन्ही रूपें तंतोतंत सारखीं दिसतात. अ‍ॅपलच्या संगणकांवरील जुनी साठवणपद्धति तर पहिलें रूप आपण होऊन सुटें करून दुसरें ठेवीत असे. लिनक्स मात्र नांवांची तुलना बाइटागणिक करतें, म्हणून त्याच्या दृष्टीनें हीं दोन वेगळीं नांवें. एका कळफलकावर लिहिलेली यादी दुसऱ्या मार्गानें आलेल्या नांवानें मागितली तर मिळत नाहीं. प्रोग्रॅममध्यें तुलनेपूर्वीं दोन्ही नांवें एकाच प्रमाणरूपास आणावीं लागतात, व बहुतेक भाषांत तशी सोय असते. तसें केलें नाहीं, तर एकाच फोल्डरांत 'शेतकऱ्यांची यादी' या नांवाच्या दोन फायली शेजारीं शेजारीं दिसूं लागतात, आणि त्यांतल्या एकींत गेल्या वर्षींचीं नांवें असतात.